काकांच्या नजरेचं प्रोफाइल

३ सप्टेंबर २०१५, गुरुवार. सकाळी ६ वाजून ४० मिनिटं.
स्टुडिओच्या मागच्या खोलीत मॉनिटर तापायची वाट बघत बसलो आहे. अर्धा तास चालू राहिल्याशिवाय मॉनिटर खरे रंग दाखवत नाही, असं इंटरनेटवर वाचलं. सहा दहाला चालू केला, म्हणजे आता तापला. तरी आणखी दहा मिनिटं देतो.

आजपासून ही वही. शास्त्रीय काम करायचं तर नोंद हवी.

काम असं : मधुसूदनकाका चोवीस वर्षांचे होते तेव्हा बहात्तरचा दुष्काळ पडला. ते कॅमेरा घेऊन पाचोडकडे रस्त्याच्या कामावर गेले आणि खडी फोडणाऱ्या बायामाणसांचे फोटो काढले. नंतर चाळीस वर्षं लग्नं, मुंजी आणि पासपोर्ट. ते निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यात पडून होते. आता पुन्हा दुष्काळ आहे म्हणून एका कॉलेजला त्यांची आठवण झाली. १ फेब्रुवारीला प्रदर्शन. चोवीस फोटो. काकांच्या आयुष्यातलं पहिलं.

जुन्या पद्धतीनं डार्करूममध्ये प्रिंट केले तर प्रत्येक प्रिंट तासभर वाहत्या पाण्यात धुवावा लागतो. औरंगाबादेत नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं, तेही पाऊण तास. अंबिकाकाकू म्हणाल्या, दुष्काळाचे फोटो धुवायला माझ्या ड्रममधला एक तांब्या मिळणार नाही. बरोबर आहे त्यांचं. म्हणून कॉम्प्युटर. म्हणून मी, चार वर्षांपासून त्यांच्या स्टुडिओतला मदतनीस.

अडचण एकच. रंगीत प्रिंटर काळापांढरा फोटोसुद्धा सगळे रंग मिसळून काढतो. मिश्रण जरा चुकलं की फोटो हिरवट नाहीतर गुलाबी दिसतो. ग्रे हा ग्रेच यायला हवा. त्यासाठी मॉनिटर, प्रिंटर आणि कागद यांचा मेळ घालणारी एक फाइल बनवतात. तिला प्रोफाइल म्हणतात. बाकीच्यांना याला वर्ष लागतं. मी दसऱ्यापर्यंत संपवणार.

दुसरी गोष्ट. काल काकू म्हणाल्या, हे आठवड्यात दोनदा दाराच्या चौकटीवर आदळले. आमची हिमानी पुण्याला, माझे गुडघे हे असे. तूच घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेऊन डोळे दाखवून आण. मी म्हणालो, मंगळवारी दुकान बंद असतं, तेव्हा नेतो. लाल पेनानं लिहून ठेवतो : मंगळवार, डोळे.

८ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी ३.
जुने प्रिंटर विकणारा देवेश प्रिंटर घेऊन नेमका दहा वाजता आला. ओपीडीची वेळ तीच. प्रिंटर जुना आहे पण घराण्याचा आहे. आठ शाया, त्यातल्या तीन नुसत्या काळ्या. देवेश म्हणाला, भाई, पैशाचं टेन्शन कायकू लेता, उरलेले साडेचार हजार जमतील तसे दे. जमतीलच.

पहिला प्रिंट काढला. खडी फोडणारी सारजाबाई. काकांनी त्या वेळी नाव विचारून निगेटिव्हच्या पाकिटावर लिहून ठेवलं होतं. मला प्रिंट झकास ग्रे वाटला. काकांनी खिडकीपाशी नेला, नाकाजवळ धरला, तिरका केला, सरळ केला. म्हणाले, पिवळं मारायलंय रे.

बहात्तर सालच्या मूळ प्रिंटशी ताडून बघू म्हटलं. काका म्हणाले, ते त्याच्याहून पिवळं पडलंय. त्रेचाळीस वर्षांचा कागद तो, पडणारच.

म्हणजे मूळ प्रिंटवर भरवसा नाही. माझ्या डोळ्यांवर तर नाहीच. माझे डोळे लासूर स्टेशनच्या बाजारातले. वडील तिथं मापाडी आहेत. आमच्या घरात वजनातली चूक कळते, रंगातली नाही. काकांनी चाळीस वर्षं नुसता ग्रे बघितला आहे. यंत्रानं मोजायचं तर वीस-पंचवीस हजारांचं यंत्र लागतं. काकांचा डोळा फुकट आहे आणि घरातच आहे.

ठराव : काकांचा डोळा हेच मीटर.

१५ सप्टेंबर, मंगळवार.
परवा गणपती. मंडळांचे फ्लेक्स. एकानं 'हार्दीक' लिहून आणलं होतं, मी सुधारलं, तर म्हणतो दीर्घच ठेव, मोठं दिसतं. वेळ गेला. काकूंना म्हणालो, गणपतीत दवाखान्यातही गर्दी असते. असेलच.

निळी शाई ३ टक्क्यांनी वाढवली. काका म्हणाले, अजून पिवळं.

२२ सप्टेंबर, मंगळवार.
निळी ६ टक्के. अजून पिवळं.

काका गमतीत म्हणाले, शिवराज, तुझ्या मशीनला कावीळ झाली, आधी तिला दवाखान्यात ने. आतून काकू म्हणाल्या, मशीनला नेईल तो, तुम्हाला नाही. दोघंही हसले. मीही हसलो. पुढच्या मंगळवारी नक्की.

२९ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ११.
महत्त्वाचा शोध. फोटोग्राफीत ग्रे कार्ड नावाची वस्तू असते. जगात कुठंही घ्या, तिचा ग्रे एकच. निराला बाजारातून साडेतीनशेला आणलं. आता वादच मिटणार.

कार्ड आणि पहिल्या दिवशीचा प्रिंट शेजारी ठेवले. मला तंतोतंत सारखे दिसले. काकांना दाखवलं. काकांनी कार्ड बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, हेही पिवळं आहे.

दुपारी ४.
कार्ड डुप्लिकेट निघालं. दुकानदार कबूल करत नाही. दुसरं आणलं, आणखी साडेतीनशे. तेही पिवळं म्हणाले. या शहरात खरा माल मिळणं अवघड झालं आहे.

या गडबडीत घाटी राहिली.

६ ऑक्टोबर, मंगळवार.
कार्डचा दोष नसावा, उजेडाचा असावा. खोलीतल्या दोन्ही ट्यूब बदलून पांढऱ्या शुभ्र उजेडाच्या लावल्या. भिंतीचा जुना हिरवा डोळ्याला फसवतो म्हणून भिंत ग्रे रंगवून घेतली. काका आत येऊन म्हणाले, क्रीम कलर छान दिलास. रंगवाल्यानं डबा बदलला असणार. मला ग्रे दिसते. पण मी कोण?

आज काका आत येताना माझ्या खांद्यावर हात ठेवून आले. चार वर्षांत पहिल्यांदा. एवढा विश्वास माझ्यावर बारावीच्या फिजिक्सच्या सरांनी टाकला असता तर मी एकोणतीस मार्कांवर थांबलो नसतो.

९ ऑक्टोबर, शुक्रवार.
दूध आणायला निघालो तर काकूंनी जिन्यात गाठलं. म्हणाल्या, शिवराज, सहा मंगळवार झाले. मी मोजलेले नव्हते. पाचच आहेत.

त्यांना म्हणालो, काकांना मोतीबिंदू असणार, आणि मोतीबिंदू पिकू द्यावा लागतो, कच्चा काढत नाहीत. गावाकडे सगळेच असं म्हणतात. माझ्या आजोबांचा चांगला तीन वर्षं पिकवला होता. काका आतून म्हणाले, खरं आहे, आमच्या वडिलांचाही पिकू दिला होता. काकांना दवाखान्याची भीती वाटते, असा मला संशय आहे. पण ते मोठे आहेत, मी कसं बोलणार.

संध्याकाळी इंटरनेटवर वाचलं. मोतीबिंदू झाला की माणसाला सगळं हळूहळू पिवळट दिसू लागतं. रोजचंच असल्यामुळे त्याला ते कळत नाही. ऑपरेशन झाल्यावर एकदम सगळं निळं दिसतं.

हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे ऑपरेशन आत्ता केलं तर काकांच्या डोळ्याचा पूर्ण व्हाइट बॅलन्स बदलणार. माझं पाच आठवड्यांचं प्रोफाइल वाया. वेळेवर वाचलं म्हणून बरं.

ठराव : आधी प्रदर्शन, मग डोळे. हे काकांच्याच हिताचं आहे.

२२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
प्रिंटरला हळदकुंकू, झेंडूची माळ. माळेतली एक पाकळी कागदाच्या खाचेत अडकली, अर्धा दिवस गेला. दसऱ्यापर्यंत म्हणजे दसरा ते दिवाळी असंच मला म्हणायचं होतं.

निळी १४ टक्के.

५ नोव्हेंबर, गुरुवार.
समोरचं जुनं घर पाडून तिथं सात मजली कॉम्प्लेक्स होणार आहे. सकाळपासून बोअर घेत आहेत. सहाशे फूट गेले, धूळच वर येते. त्या हादऱ्यानं प्रिंटवर आडव्या रेघा येतात आणि धुळीनं शाईची तोंडं बंद होतात. तोंडं साफ करायची तर प्रिंटर स्वतःच शाई ओततो. निम्मी शाई अशी गटारात जाते.

काकू खिडकीतून बघत म्हणाल्या, लागलं का पाणी? मी म्हणालो, अजून नाही. म्हणाल्या, राहायला तर लोक आधीच येणार.

देवेशचा फोन. त्याच्या मते फोटोशॉपमध्ये रंगांची काळजी घेणं चालू असेल तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ते बंद करावं लागतं, नाहीतर एकाच प्रिंटला दोनदा दुरुस्ती होते. मी दोन्हीकडे चालू ठेवलं आहे. एकाहून दोघांनी काळजी घेतलेली बरी.

२४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी.
मोठा दिवस. निळी १९ टक्के केली आणि काका म्हणाले, हां, आता ग्रे आला. जिंकलो. प्रोफाइल सेव्ह केलं. नाव दिलं : काका-फायनल.

मला प्रिंट जरा निळा वाटला. नीळ जास्त झालेल्या धोतरासारखा. पण ते माझ्या डोळ्यांचं झालं.

दुपारी.
काकांनी एक नवीन गोष्ट पकडली. म्हणाले, मधलं ठीक आहे, पण कडा बुडाल्यात, कडेला काही दिसेना. ते प्रिंट वीतभर अंतरावर धरून बघतात. मी म्हणालो, जरा लांबून बघा. लांबून म्हणाले, आता काहीच दिसेना. मग पुन्हा जवळ. कडांचा उजेड २० टक्क्यांनी वाढवला.

चहा घेताना काकांच्या डाव्या हाताचा कप सांडला. कप तिथं आहे हे लक्षातच नव्हतं त्यांच्या. खरा फोटोग्राफर असाच असतो. फ्रेमच्या मधोमध बघतो, बाकीचं जग त्याला नसतंच.

१ डिसेंबर, मंगळवार.
कडा ३० टक्के. काका-फायनल-२.

८ डिसेंबर, मंगळवार.
कडा ४५. काका-फायनल-५. मधल्या दोन फायनल चुकून पुसल्या.

१३ डिसेंबर, रविवार.
काकूंनी शेजारच्या आशाबाईंना सांगून मंगळवारच्या मोफत नेत्र शिबिरात काकांचं नाव घातलं आहे. गाडी दारात येऊन नेणार, संध्याकाळी आणून सोडणार. आशाबाई स्वतः बरोबर जाणार. माझी गरजच नाही.

पण मंगळवारी अकरा प्रिंट काकांच्या नजरेखालून जायचे आहेत. शिबिरात डोळ्यात औषध घालतात, मग दोन दिवस धूसर दिसतं. कागद महाग आहे, वाट बघून चालणार नाही. विचार करतो.

१५ डिसेंबर, मंगळवार. सकाळी ९.
आशाबाईंना फोन करून सांगितलं, काकांना ताप आहे. काकूंना सांगितलं, शिबिराची यादी भरली. ती भरली असतीच. शेवटच्या क्षणी घातलेलं नाव कोण ठेवतं?

दुपारी अकराही प्रिंट पास. काका खूश. सारजाबाईचा प्रिंट हातात धरून बराच वेळ बोलले. ती म्हणाली होती म्हणे, माझा फोटो काढून माझी खडी थोडीच भरणार, बाजूला सरक, सावली पडायली. काका बाजूला सरकले, तेव्हा चांगला फोटो आला. म्हणाले, तिला एक प्रत द्यायची राहिली. मी विचारलं, मग दिली का नाही? म्हणाले, आज देऊ उद्या देऊ करताना काम संपलं, माणसं पांगली.

शिबिरं काय, दर महिन्याला असतात.

१२ जानेवारी २०१६, मंगळवार.
चोवीस पूर्ण. वेळेच्या वीस दिवस आधी. आईला लासूरला फोन केला. ती म्हणाली, लई चांगलं झालं, पण एवढ्या मेहनतीचं तुला काय मिळणार? मी म्हणालो, नाव. ती म्हणाली, बरं, जेवलास का?

प्रिंट गच्चीवर नेऊन उन्हात एकदा बघितले. बघायला नको होते. उन्हात सगळे निळे दिसले, आणि कडांना पांढरं धुकं. एका प्रिंटमध्ये कडेला कुणी उभं होतं असं वाटतं, आता नुसता कागद आहे.

हॉलमध्ये ऊन नाही, ट्यूबलाइट आहेत. आणि प्रत्येक प्रिंटमागे काकांची सही आहे. माझी नाही.

३१ जानेवारी, रविवार.
हिमानीताई पुण्याहून आल्या. काकांसाठी नवीन जाकीट. रात्री काकूंनी शिरा केला. काका जेवताना शिऱ्याची वाटी चाचपत होते. ताई बघत होत्या. मी ताईंना प्रोफाइलबद्दल सांगितलं.

१ फेब्रुवारी, सोमवार. रात्री ८.
आज सगळं लिहायचं. क्रमानं लिहितो.

अकराला उद्घाटन. प्राचार्य म्हणाले, हा थंड टोन फार आधुनिक आहे. ते मी वहीत लिहून घेतलं. तेवढ्यात श्रेया नावाची एक विद्यार्थिनी आली आणि तिनं काकांना विचारलं, सर, हे सगळे चांदण्यात काढलेत का? काका हसले. म्हणाले, चांदण्यात कोण खडी फोडतं बाई, मे महिन्यातलं बाराचं ऊन आहे ते. ती फोटोकडे बघत राहिली आणि मग, बरं सर, म्हणाली.

हिमानीताई सगळ्या फोटोंवरून एक चक्कर मारून माझ्याकडे आल्या. विचारलं, हे निळे का आहेत? मी शांतपणे सांगितलं, निळे नाहीत, ग्रे आहेत, एकेक प्रिंट काकांनी पास केला आहे. आधी सगळे पिवळे येत होते, मी अडीच महिन्यांत निळी शाई १९ टक्क्यांपर्यंत नेली. ताई म्हणाल्या, पिवळे कुणाला दिसत होते? मी म्हणालो, काकांना. तुला? मी म्हणालो, माझं सोडा.

त्या काकांना हात धरून सात नंबरच्या फोटोपाशी घेऊन गेल्या. म्हणाल्या, बाबा, यात काय काय आहे सांगा. काका फोटोसमोर ताठ उभे राहिले आणि सांगू लागले. मध्ये सारजाबाई. तिच्यामागं खडीचा ढीग. डाव्या हाताला पाण्याचा माठ, त्यावर पत्र्याचं झाकण. उजवीकडं हजेरी घेणारा कारकून, डोक्यावर छत्री, वही काखेत. छत्रीची एक काडी मोडलेली आहे बघ. तिचीच सावली खाली पडली आहे, अगदी स्पष्ट आलीय.

फोटोत माठ नव्हता. कारकून नव्हता. दोन्ही कडांना पांढरा कागद होता. मी ४५ टक्के उजेड दिला होता.

काका सांगत होते आणि आजूबाजूला चारपाच मुलं उभी राहून ऐकत होती. ताई म्हणाल्या, हो बाबा, मोडलेली आहे काडी.

नंतर हॉलच्या पायऱ्या उतरताना काकांनी सवयीनं माझा खांदा शोधला. ताईंनी त्यांचा हात धरून आपल्या खांद्यावर ठेवला.

२ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ५.
घाटीत जाऊन आलो. काका, काकू, ताई आणि मी. काकू गुडघे दुखत असूनही आल्या. गर्दी नव्हती. दीड तासात सगळं झालं.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत आहे. तो काढता येतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिकायची वाट बघायचे दिवस गेले हो, आता तो आंबा राहिला नाही. काका हसले. मग बाईंनी आणखी एका यंत्रात बघितलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. काचबिंदूही आहे. डोळ्यात दाब वाढतो आणि नजर कडेकडून मरत जाते. माणसाला कळत नाही, कारण मधलं दिसत असतं. डावा डोळा जवळपास गेलेला आहे. उजव्यात मध्ये थोडं उरलं आहे, नळीतून बघावं तेवढं. गेलेलं परत येत नाही. उरलेलं रोजच्या थेंबांनी राखायचं.

ताईंनी विचारलं, आधी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, पाचसहा महिने आधी आला असतात तर यापेक्षा पुष्कळ हाती लागलं असतं.

मग त्यांनी विचारलं, धडकणं, सांडणं, हे कधीपासून? काकांना आठवेना. मी म्हणालो, डिसेंबरपासून.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी सप्टेंबर म्हणायला हवं होतं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर डिसेंबर लिहिलं.

६ फेब्रुवारी, शनिवार.
लिहिण्यासारखं काही नाही.

आशाबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, तेव्हा काकांचा ताप लवकर उतरला का? काकू मागेच उभ्या होत्या.

७ फेब्रुवारी, रविवार.
काकूंनी आज चहा दिला. नेहमीसारखाच. साखरही बरोबर. त्यांनी चिडायला हवं होतं.

२३ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी २.
करण्यासारखं काही नव्हतं म्हणून प्रिंटरच्या सेटिंगमधली देवेशनं सांगितलेली ती एक खूण काढून टाकली. निळी शून्य केली. कडा शून्य. सात नंबरचा प्रिंट काढला.

पहिल्या फटक्यात ग्रे आला. कार्डासारखा ग्रे, दोन्ही कार्डांसारखा. माठ आला, पत्र्याचं झाकण आलं, कारकून आला. छत्रीची मोडलेली काडी आली.

तीन मिनिटांचं काम होतं.

प्रिंट खणात ठेवला. काकांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ९ मार्चला आहे.

२२ मार्च, मंगळवार. सकाळी १०.
कॉलेजनं फोटो परत पाठवले. काका म्हणाले, काढ बघू, आता नवीन डोळ्यानं बघतो. मी म्हणालो, नंतर बघू, थेंब घालायची वेळ झाली. म्हणाले, थेंब कुठं पळून चाललेत का?

खिडकीपाशी खुर्ची दिली. एकेक प्रिंट मांडीवर ठेवत गेलो. काका आता एका नजरेत पूर्ण फोटो बघू शकत नाहीत. डोकं हळूहळू फिरवत बघतात, एका टोकाकडून दुसऱ्याकडे, जसं बॅटरीनं अंधारात शोधावं. एकेका फोटोला चारपाच मिनिटं. सात नंबरला त्यांनी डोकं उजव्या कडेला नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. डाव्या कडेला नेलं. मला वाटलं विचारतील. विचारलं नाही. बाजूला ठेवला आणि म्हणाले, पुढचा.

चोविसावा झाल्यावर चष्मा काढून पुसला. म्हणाले, निळे आहेत रे.

मी म्हणालो, ऑपरेशननंतर सगळंच थोडे दिवस निळं दिसतं, तसं वाचलंय मी.

काका म्हणाले, हो, तसं डॉक्टरीणबाईही म्हणाल्या. म्हणून मी मघाशी हिच्या ओच्यातल्या तांदळाकडं बघितलं. तांदूळ पांढरे आहेत.

काकू दारात बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मग काकांनी विचारलं, आवाज न चढवता, जसं ते फिल्म कोणती घातलीस असं विचारायचे : करत होतास तेव्हा तुला दिसत नव्हते का निळे?

मी म्हणालो, दिसत होते.

काकांनी चष्मा पुन्हा घातला. म्हणाले, मग बोलायचं होतं ना बाळा.

मी खणातला २३ फेब्रुवारीचा प्रिंट काढून दाखवणार होतो. नाही दाखवला. तो चांगला आला आहे.

हिशेब, आजअखेर :

प्रिंटर, जुना : १८,०००
शाई, तीन वेळा : ११,४००
कागद, वाया गेलेला धरून : ९,२५०
ग्रे कार्ड, दोन : ७००
ट्यूब, दोन : ४८०
भिंतीचा रंग, मजुरीसह : १,१५०
एकूण खर्च : ४०,९८०
दिले : ३६,४८०
देवेशचे देणे : ४,५००

घाटी, २ फेब्रुवारी. केसपेपर १०, रिक्षा जाऊन-येऊन १२०. एकूण १३०.
हे हिमानीताईंनी भरले. मी द्यायला गेलो तर म्हणाल्या, राहू दे.